सही करण्यापूर्वी

(संस्थेच्या वर्षावास व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यवाहांनी आम्हांला फौजदारी कायद्यावर चार शब्द बोला असे सांगितले, तेव्हा आम्ही त्यांना विचारले, कोणते चार? कायद्याची पुस्तके मुळातच जाड. त्यात १ जुलै २०२४ पासून ती तिन्ही बदलली. १८६० ची भारतीय दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आणि १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. त्या तारखेपूर्वी घडलेल्या गुन्ह्यांना अजूनही जुनीच दंड संहिता लागते. त्यामुळे आम्ही वकील मंडळीसुद्धा तोंडाने जुनी कलमे बोलतो आणि कागदावर नवी लिहितो. तेव्हा येथे कलमांची यादी वाचून दाखवण्यात अर्थ नाही. लोक आमच्याकडे येऊन जे विचारतात, तेच आपल्यापुढे ठेवावे असे आम्ही ठरवले.

हे प्रश्न वरवर वेगवेगळे असतात. पोलीस तक्रार घेत नाहीत, चौकीवर बोलावले आहे, जामीन कोण राहणार, केस मागे घेता येईल का. पण जरा खोलात गेले की बहुतेक वेळा एक वाक्य हमखास ऐकू येते, "साहेब, त्यांनी सही करा म्हटलं, आम्ही केली."

काही वर्षांपूर्वी एक गवंडीकाम करणारे गृहस्थ आमच्याकडे आले. नाव-गाव सांगत नाही. गावात सार्वजनिक नळावर संध्याकाळी भांडण झाले, दोघा भावांनी त्यांना मारले, जातीवरून बोलले आणि समोरचा एक दात पडला. नळावर पाण्यासाठी उभ्या असलेल्या सात-आठ जणांनी हे पाहिले. रात्री ते पोलीस ठाण्यात गेले. ठाणे अंमलदाराने थोडक्यात ऐकून घेतले, एक कागद लिहिला आणि सही घेतली. हातात जी प्रत मिळाली ती एन.सी.ची, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची. शिवीगाळ, हाताबुक्क्यांनी मारहाण, पाहून घेतो अशी धमकी, एवढेच तीत होते. दाताचा उल्लेख नाही, जातीवाचक शब्दांचा नाही, नळावरच्या माणसांचाही नाही. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेले तर तेथे कोणीतरी सांगितले की मारामारी म्हणाल तर पोलिसांचे लचांड मागे लागेल, पडलो म्हणा. केसपेपरवर 'पडल्यामुळे' असे लिहिले गेले.

तीन आठवड्यांनी ते आमच्याकडे आले. अर्ज झाले, न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश झाला, गुन्हा दाखल झाला, खटला उभा राहिला. दोन वर्षांनी ते साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहिले, तेव्हा समोरच्या वकिलांनी शांतपणे तो पहिला कागद पुढे केला. दात पडला हे यात लिहिले आहे का? नाही. जातीवरून बोलले हे लिहिले आहे का? नाही. तुम्ही पोलिसांना सांगितले होते का? हो, सांगितले होते. मग पोलिसांनी का लिहिले नाही? आणि मग ते वाक्य आले, जे महाराष्ट्रातल्या कोर्टांत रोज टाइप होते: "पोलिसांनी तसे का लिहिले नाही, याचे कारण मला सांगता येणार नाही." आरोपींना किरकोळ दुखापतीसाठी दंड झाला. बाकी सर्व आरोपांतून ते सुटले.

हे गृहस्थ निरक्षर नव्हते. सातवी शिकलेले होते, पेपर वाचत असत. आम्ही त्यांना विचारले, कागद वाचला का नाहीत? ते म्हणाले, "रात्रीचे अकरा वाजले होते. अंगात थरथर होती. आणि साहेब म्हणाले, लवकर करा." आपल्या आजोबा-पणजोबांना सही येत नव्हती, ते अंगठा देत. आपण सही शिकलो आणि न वाचता ती करू लागलो.

आता त्या दाताविषयी थोडे सांगितले पाहिजे. नुसत्या मारहाणीची साधी दुखापत हा अदखलपात्र गुन्हा आहे. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस त्याचा तपास करू शकत नाहीत, एन.सी. लिहून घेऊन प्रत देतात. पण हाड मोडले किंवा दात तुटला वा निखळला, तर कायद्याच्या भाषेत ती 'गंभीर दुखापत' होते आणि गुन्हा दखलपात्र होतो. सात वर्षांपर्यंत शिक्षा, पोलिसांना एफ.आय.आर. नोंदवावाच लागतो, तपास करावाच लागतो. म्हणजे फिर्यादीतल्या एका ओळीने सगळे प्रकरणच दुसऱ्या रस्त्याला लागते. हे ठाणे अंमलदाराला ठाऊक असते. फिर्याद देणाऱ्याला नसते.

म्हणून पहिला प्रश्न, पोलीस तक्रार घेत नाहीत, काय करावे? सांगितलेल्या हकिकतीवरून दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर एफ.आय.आर. नोंदवणे पोलिसांवर बंधनकारक आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ललिता कुमारी खटल्यात १२ नोव्हेंबर २०१३ रोजी हे स्पष्ट केले. नव्या संहितेच्या कलम १७३ मध्ये एक सवलत पोलिसांना मिळाली आहे. तीन वर्षे ते सात वर्षांच्या आतील शिक्षेच्या गुन्ह्यात उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या परवानगीने चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. परंतु याच कलमाने आपल्यालाही काही दिले आहे. गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, जवळच्या ठाण्यात फिर्याद देता येते. 'आमच्या हद्दीत येत नाही' हे उत्तर आता चालत नाही. याला बोलीत झिरो एफ.आय.आर. म्हणतात. मोबाइल वा संगणकावरून फिर्याद पाठवली तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. आणि एफ.आय.आर.ची प्रत विनामूल्य मिळते. ही प्रत मागून घेतल्याखेरीज ठाण्यातून उठू नये. उद्या या म्हणाले तर उद्या जावे, पण सोडू नये.

ठाण्यात घेतच नाहीत म्हटल्यावर लोक आमदाराकडे जातात, पुढाऱ्याकडे जातात. जा, आमची हरकत नाही. पण त्याबरोबर लेखी तक्रार पोलीस अधीक्षकांकडे, शहरात असाल तर पोलीस आयुक्तालयात पाठवा. हातोहात दिली तर दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, नाहीतर स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपून ठेवा. ही पावती पुढे लागते. कारण त्यानंतरची पायरी न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करण्याची आहे आणि तेथे पहिल्याच दिवशी विचारले जाते की अधीक्षकांकडे गेला होता का. अर्जासोबत प्रतिज्ञापत्र लागते. पुढाऱ्याच्या फोनची पोच मात्र कुठल्याही कोर्टात दाखल करता येत नाही.

फिर्यादीत काय सांगावे, हे विद्यार्थ्यांनी विशेष लक्षात ठेवावे, कारण घरात प्रसंग आला की वडीलधाऱ्यांबरोबर ठाण्यात तुम्हीच जाणार. कोणी, केव्हा, कुठे, काय केले, कशाने मारले, कुठे लागले, त्या वेळी आणखी कोण होते, हे सांगायचे. शिवी दिली असेल तर 'अर्वाच्य शिवीगाळ केली' एवढ्यावर भागवू नये. जे शब्द उच्चारले तेच लिहायला सांगावे, कितीही ओंगळ असले तरी. आपल्या आया-बहिणी तेथे लाजतात आणि तो शब्द गिळून टाकतात. उशीर झाला असेल तर का झाला, हेही लिहावे: बस नव्हती, जखमीला दवाखान्यात नेले, भीती वाटली. फिर्याद म्हणजे काही ज्ञानकोश नव्हे, बारीकसारीक सुटले तरी बिघडत नाही असे न्यायालये सांगत आली आहेत. पण मुद्द्याची गोष्ट सुटली तर ती मागून रचली असा अर्थ लावला जातो. आणि उलट बाजूही तितकीच खरी आहे. काही मंडळी सल्ला देतात की सोन्याची साखळी हिसकावली असेही घालून द्या, कलम वाढेल. असले सल्ले ऐकू नका. न घडलेले एक वाक्य घातले की घडलेली दहा वाक्ये पाण्यात जातात.

लिहून झाल्यावर वाचून दाखवा म्हणावे. ही मेहेरबानी नव्हे. तोंडी सांगितलेली फिर्याद वाचून दाखवूनच सही घ्यायची, असे कायदाच म्हणतो. काही सुटले असेल तर तेथेच लिहून घ्यायला लावावे. कोऱ्या कागदावर सही करू नये, हे तर सांगायलाच नको. तरीही होते, म्हणून सांगितले.

दवाखान्याबद्दल एवढेच, की जखम मोठी असेल तर आधी दवाखाना, मग ठाणे. पोलिसांची यादी आणा मग बघू, असे डॉक्टरांना म्हणता येत नाही. परमानंद कटारा खटल्यात १९८९ साली सर्वोच्च न्यायालयाने जीव वाचवणे पहिले, कागद नंतर, असे बजावले आहे. आणि डॉक्टरांना खरे कारण सांगा. केसपेपरवर डॉक्टर जे लिहितात त्याला कोर्टात फार वजन असते.

आता जो प्रश्न या सभागृहात कोणी ना कोणी विचारणारच, तो घेऊ. "आम्ही बौद्ध झालो, मग ॲट्रॉसिटीचा कायदा आम्हांला लागू होतो का?" होतो. १९५० च्या अनुसूचित जातींच्या आदेशात १९९० साली दुरुस्ती होऊन बौद्धांचा समावेश झाला. मूळ जात त्या यादीत असली पाहिजे आणि तसा दाखला असला पाहिजे. शाळेच्या दाखल्यावर नुसते 'बौद्ध' असते आणि प्रांत कार्यालयाचा जातीचा दाखला काढलेलाच नसतो, मग प्रकरण घडल्यावर धावपळ होते. घरातल्या सर्वांचे दाखले आधीच काढून ठेवा. शिक्षणाला लागतात तसे येथेही लागतात.

हा कायदा १९८९ चा, ३० जानेवारी १९९० पासून अमलात आला. नियम १९९५ चे. २०१५ च्या दुरुस्तीने त्यात बरीच भर पडली आणि २०१८ साली कलम १८-अ घातले गेले, त्यामुळे गुन्हा नोंदवण्यापूर्वी प्राथमिक चौकशीची गरज राहिली नाही. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२० मध्ये ते कलम वैध ठरवले. तपास उपअधीक्षक दर्जापेक्षा कमी अधिकाऱ्याने करायचा नाही. आणि आमच्या विषयाशी संबंधित गोष्ट म्हणजे, याच कायद्याचे कलम ४ सांगते की तोंडी दिलेली माहिती फिर्यादीला सही घेण्यापूर्वी वाचून दाखवणे आणि प्रत देणे हे अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. अनुसूचित जाती-जमातीचा नसलेल्या लोकसेवकाने ते जाणूनबुजून टाळले तर त्याला सहा महिने ते एक वर्ष शिक्षा होऊ शकते. हे कलम फारसे कोणी वाचत नाही.

परंतु जातिवाचक अपमानाच्या कलमात 'लोकांच्या दृष्टीस पडेल अशा ठिकाणी' असे शब्द आहेत. चार भिंतींच्या आत, बाहेरचे कोणी नसताना घडले तर ते कलम लागत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये हितेश वर्मा खटल्यात म्हटले. त्या गवंड्याच्या प्रकरणात नळ सार्वजनिक होता, माणसे उभी होती, सगळे होते. फक्त कागदावर नव्हते. खैरलांजीचे हत्याकांड २९ सप्टेंबर २००६ रोजी घडले. भंडाऱ्याच्या न्यायालयाने २००८ साली आठ जणांना दोषी धरले, पण ॲट्रॉसिटी कायद्याखाली नव्हे. सगळा महाराष्ट्र ज्या प्रकरणासाठी रस्त्यावर उतरला तेथे ही अवस्था. मग आपल्या गावातल्या भांडणात न्यायाधीश आपोआप समजून घेतील, अशी आशा कोणी ठेवू नये. बांधाचे, भाऊबंदकीचे, उसनवारीचे भांडण असेल तर ते तसेच सांगावे. त्यावर हा कायदा चिकटवला की खऱ्या पीडिताची वाट आणखी अवघड होते, असे आमचे अनुभवाअंती मत झाले आहे. काहींना ते रुचणार नाही.

पुढचा प्रश्न, "पोलिसांनी बोलावलंय, जाऊ का?" जावे, पण लेखी नोटीस मागावी. साक्षीदार म्हणून बोलावत असतील तर स्त्रिया, पंधरा वर्षांखालील मुले, साठीच्या पुढचे, अपंग किंवा गंभीर आजारी यांना ठाण्यात यायला भाग पाडता येत नाही. पोलिसांनी घरी येऊन विचारायचे. आरोपी म्हणून असेल, तर सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात उठसूट अटक करू नये, आधी हजर राहण्याची नोटीस द्यावी, असे अर्नेश कुमार खटल्यात २०१४ साली ठरले आहे. नोटीस मिळाल्यावर मात्र दांडी मारू नका. वेळेवर जाऊन सहकार्य करणाऱ्याला अटक करायची तर कारणे लिहावी लागतात, गैरहजर राहणाऱ्याला अटक करायला आयते कारण मिळते. ही नोटीस व्हॉट्सॲपवर देऊन चालणार नाही, असेही सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितले.

अटक झालीच तर? अटकेचे कारण कळणे, वकिलाचा सल्ला मिळणे आणि चोवीस तासांच्या आत, प्रवासाचा वेळ सोडून, दंडाधिकाऱ्यांसमोर उभे केले जाणे, हे संविधानाच्या अनुच्छेद २२ ने दिलेले हक्क आहेत. कारणे लेखी आणि त्या माणसाला समजणाऱ्या भाषेत द्यावीत, असा निकाल महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात नोव्हेंबर २०२५ मध्ये लागला. अटकेचा पंचनामा, त्यावर साक्षीदाराची सही, नातेवाइकांना खबर, वैद्यकीय तपासणी, हे डी. के. बसू खटल्यापासून, म्हणजे १९९६ पासून चालत आले आहे. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करायची तर अपवादात्मक कारण लागते, महिला अधिकारी लागते आणि दंडाधिकाऱ्यांची आधी घेतलेली परवानगी लागते. दारात उभ्या राहिलेल्या पोलिसाला हे ओरडून सांगू नका, शांतपणे परवानगीचा कागद मागा.

येथे पुन्हा सहीचा विषय येतो, कारण ठाण्यात एकच कागद नसतो. फिर्यादीवर फिर्यादीची सही लागते. अटकेच्या कागदावर अटक झालेल्याची लागते. पण तपासात साक्षीदाराने पोलिसांना दिलेल्या जबाबावर साक्षीदाराची सही घ्यायची नसते, कायद्याने ती मना आहे. सही मागितली तर विनयाने विचारावे, हा जबाब आहे ना? आणि पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही, हा नियम जुन्या कायद्यात होता तसाच नव्यात आहे. तेव्हा 'कबूल कर म्हणजे सुटशील' या बोलण्यावर विश्वास ठेवणे व्यर्थ.

पंचांची गोष्ट वेगळी. तरुण मुलांना चौकातून हाक मारतात, "जरा एक सही कर रे, पंच म्हणून." मुलगा सही करतो आणि विसरून जातो. तीन वर्षांनी समन्स येते. तेव्हा तो सांगतो, मी काही पाहिले नाही, नुसती सही केली. सरकार पक्ष त्याला फितूर ठरवतो आणि ज्याच्या घरी चोरी झाली तो बिचारा बघत राहतो. झडतीच्या वेळी लेखी आदेशाने बोलावले असता विनाकारण नकार देणे हा गुन्हा आहे, म्हणून पंच होऊच नका असे आम्ही म्हणणार नाही. व्हा, पण जे डोळ्यांसमोर घडले त्याचाच पंचनामा वाचून सही करा. २०२४ पासून झडती आणि जप्तीचे चित्रीकरण करणे पोलिसांना बंधनकारक झाले आहे, त्याने ही खोड थोडी कमी होईल असे वाटते.

जामिनाबद्दल दोन गैरसमज आहेत. एक म्हणजे जामीन झाला की केस संपली. तसे नाही, खटला पुढे चालतो. तारखा चुकवल्या तर वॉरंट निघते आणि हमीदाराच्या गळ्यात रकमेची जबाबदारी पडते. दुसरा म्हणजे गरिबाला जामीन नाही. जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा हक्क आहे, पोलीस ठाण्यातच मिळायला हवा. आठवडाभरात हमीदार देता आला नाही तर तो माणूस गरीब आहे असे धरून जातमुचलक्यावर सोडायचे, असे संहितेतच म्हटले आहे. १९७८ सालच्या मोतीराम खटल्यातही योगायोगाने एक गवंडीच होता. मध्य प्रदेशातला. खालच्या कोर्टाने त्याच्याकडे दहा हजारांचा जामीन मागितला आणि भाऊ दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून भावाचा जामीन नाकारला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्या आदेशावर कडक शब्दांत टीका केली. आजही सातबारा नसलेल्या माणसाला हमीदार शोधताना नाकी नऊ येतात, तेव्हा आम्ही हा निकाल काढून ठेवतो. प्रत्येक वेळी उपयोग होतोच असे नाही.

"आमचं आपसात मिटलं, केस मागे घेतो." हे ऐकले की आम्ही विचारतो, कोणते कलम? पोलिसांनी दाखल केलेला खटला सरकारचा असतो, फिर्यादी फक्त साक्षीदार असतो. काही गुन्ह्यांत जखमी व्यक्तीला तडजोड करता येते, काहींत कोर्टाच्या परवानगीने, आणि उरलेल्यांत उच्च न्यायालयात जाऊन गुन्हा रद्द करून घ्यावा लागतो. तो होईलच असेही नाही. गावच्या बैठकीत स्टँप पेपरवर केलेल्या 'मिटल्याच्या' लेखाने खटला संपत नाही. शिवाय अशा लेखात 'माझी तक्रार खोटी होती' असे एक वाक्य हळूच घातलेले असते. फिर्यादी सही करतो आणि स्वतःच अडकतो. येथेही आधी वाचा.

चॅप्टर केसविषयी थोडक्यात. ती शिक्षा नव्हे. शांतता राखण्याचे बंधपत्र घेण्यासाठी कार्यकारी दंडाधिकाऱ्यांपुढची ती कारवाई असते. पण तीत हजर राहून उत्तर द्यावे, कारण अशा नोंदी साठत गेल्या की पुढे हद्दपारीच्या प्रस्तावात त्यांचा उपयोग होतो. आणि हल्ली फोनवर गणवेशातला माणूस दाखवून 'तुम्हांला डिजिटल अरेस्ट केली आहे' म्हणतात, तशी कोणतीही अटक कायद्यात नाही. फोन ठेवून द्यावा. पैसे गेले असतील तर तासाभराच्या आत १९३० या क्रमांकावर कळवावे, जितका उशीर तितके पैसे पुढे सरकतात.

विद्यार्थ्यांचा प्रश्न आम्ही मुद्दाम मागे ठेवला होता. "माझ्यावर केस आहे, नोकरी मिळेल का?" मिरवणुकीत, वसतिगृहाच्या आंदोलनात, गल्लीतल्या मारामारीत मुलांची नावे येतात. मग भरती होते, साक्षांकन नमुना समोर येतो आणि 'आपणांस कधी अटक झाली होती काय, आपणांविरुद्ध खटला प्रलंबित आहे काय' या रकान्यात मुलगा 'नाही' लिहून सही करतो. केस किरकोळ असते, ती सुटूनही जाते, पण खोटे लिहिले म्हणून नोकरी जाते. अवतार सिंग खटल्यात २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की तरुण वयातली क्षुल्लक बाब असेल तर माहिती दडवूनही नेमणूक करणारा अधिकारी सवलत देऊ शकतो. पण देऊ शकतो, दिलीच पाहिजे असे नाही. गंभीर गुन्हा असेल तर खरे सांगूनही नेमणूक नाकारली जाऊ शकते, हेही सांगितले पाहिजे. आमच्याकडे येणाऱ्या मुलांना आम्ही खरे लिहा आणि सोबत निकालाची प्रत जोडा, एवढेच सांगतो. एका मुलाने तसे लिहिले. त्याची नेमणूक सात महिने अडकली, त्याच्या आईने आम्हांला बोल लावले. शेवटी तो रुजू झाला. दुसऱ्याने 'नाही' लिहिले होते, तो आमच्याकडे बडतर्फीचा आदेश घेऊनच आला.

राहिला वकिलाच्या फीचा प्रश्न. तो समोर कोणी विचारत नाही, पण मनात सर्वांच्या असतो. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली, जो ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आहे, स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि कोठडीत असलेली माणसे यांना उत्पन्न न पाहता वकील विनामूल्य मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते, तालुक्याला समिती असते. आरोपीसाठी लोकअभिरक्षक कार्यालये सुरू झाली आहेत. १५१०० या क्रमांकावर फोन केला तरी माहिती मिळते. फुकटचा वकील म्हणजे हलका वकील, हा समज बऱ्याच घरांत आहे. त्यात अगदीच तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही, पण पहिल्या रिमांडला कोणी उभेच नसण्यापेक्षा ते कितीतरी बरे. अर्ज एका पानाचा असतो. जातीच्या दाखल्याची प्रत आणि प्रकरणाचे चार कागद जोडायचे.

त्या अर्जाचे शंभरेक कोरे नमुने आज सोबत आणले आहेत, मागच्या टेबलावर ठेवले आहेत. जाताना घेऊन जा. येथे सही करून देऊ नका, घरी नेऊन आधी वाचा. काही अडले तर पुढच्या रविवारी अकरापासून आम्ही संस्थेच्या कार्यालयात बसणार आहोत.